विश्लेषण : डॉक्टर बोलणार, संगणक लिहिणार, चुका कोण मोजणार?

डॉक्टरांनी बोलायचे आणि संगणकाने केसपेपर लिहायचा, अशी सॉफ्टवेअर आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरती राहिलेली नाहीत. स्मार्टफोनवर चालणारी, मराठी समजणारी आणि ‘९५ टक्के अचूक’ असल्याचे सांगणारी उत्पादने जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचू लागली आहेत. मात्र ही अचूकता कुणाच्या आवाजावर, कुठल्या खोलीत आणि कोणत्या चुका धरून मोजली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि हिंदी एकाच ओपीडीत ऐकू येणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. कारण उरलेल्या पाच टक्क्यांत नेमके काय आहे, यावर रुग्णाचे बरेवाईट ठरते.

हे सॉफ्टवेअर नेमके काय करते?

याचे दोन प्रकार आहेत आणि खरेदीच्या वेळी त्यांची सर्रास गल्लत होते. पहिल्या प्रकारात फक्त डॉक्टर बोलतो. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीचा अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड असा ठरावीक साच्यातला मजकूर तो सांगतो आणि सॉफ्टवेअर उतरवून घेते. मायक्रोसॉफ्टने ज्या न्युअन्स कंपनीची खरेदी २०२२ मध्ये पूर्ण केली, तिचे ‘ड्रॅगन मेडिकल’ हे या प्रकारातले सर्वांत परिचित नाव. मुंबईची ऑग्निटो ही कंपनीही याच क्षेत्रात आहे.

दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर डॉक्टर आणि रुग्ण यांचे संपूर्ण संभाषण ऐकते आणि त्यातून स्वतःच सारांश तयार करते. येथे ऐकण्याची चूक आणि समजण्याची चूक अशा दोन्ही शक्यता असतात. पहिल्या प्रकारात मिळालेले गुण दाखवून दुसऱ्या प्रकाराचे उत्पादन विकत घेणे म्हणजे बैल पाहून गाय घेण्यासारखे आहे. दोन्हींची परीक्षा वेगवेगळीच घ्यावी लागते.

त्याची गरज आहे का?

आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. सरकारी ओपीडीतील डॉक्टरच्या वाट्याला एका रुग्णामागे काही मिनिटे येतात. त्यातला बराच वेळ लिहिण्यात जातो. घाईत लिहिलेले अक्षर औषध देणाऱ्यालाही लागत नाही, हा अनुभव नवा नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियम बदलून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रुग्णाच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

म्हणजे सॉफ्टवेअरची तुलना कधीही न चुकणाऱ्या लेखनिकाशी करणे योग्य नाही. ती आजच्या हस्तलिखित केसपेपरशी व्हायला हवी. पण त्यासाठी आज हाताने लिहिताना किती आणि कोणत्या चुका होतात, हे आधी मोजलेले असले पाहिजे. मूल्यमापनातली पहिली अडचण इथेच सुरू होते. जुन्या पद्धतीचा हिशेबच मांडलेला नसेल तर नवी पद्धत बरी की वाईट, हे कशाशी ताडून पाहणार?

‘९५ टक्के अचूक’ म्हणजे काय?

अशा सॉफ्टवेअरची गुणवत्ता साधारणतः ‘शब्दचूक दर’ या मापाने सांगितली जाते. मूळ बोलण्यातले किती शब्द बदलले, किती गळले आणि किती नवे घुसले, यांची बेरीज करून तिला एकूण शब्दसंख्येने भागले जाते. ९५ टक्के अचूकता म्हणजे दर शंभर शब्दांमागे पाच चुका. दोनशे शब्दांच्या डिस्चार्ज कार्डात दहा.

या मापात सगळे शब्द सारखे असतात. रुग्णाच्या दृष्टीने ते सारखे नसतात. डॉक्टर दहा शब्दांचे एक वाक्य बोलला असे समजू : ‘मधुमेह आहे, रक्तदाब नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, दम्याचा त्रास नाही.’ एका सॉफ्टवेअरने ‘मधूमेह’, ‘पेनिसिलीनची’ आणि ‘दमाचा’ असे लिहिले. तीन चुका, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्याने बाकी सारे बिनचूक लिहून फक्त ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नाही’ असे लिहिले. एक चूक, म्हणजे १० टक्के. गुणपत्रिकेत दुसरे सॉफ्टवेअर तिप्पट चांगले ठरते. खाटेवरच्या रुग्णासाठी मात्र तेच घातक आहे.

मराठीत हे माप आणखी घोटाळा करते. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘रुग्णासाठी’ऐवजी ‘रुग्णा साठी’ असे उमटले तर अर्थ तसूभरही बदलत नाही, पण हिशेबात दोन चुका धरल्या जातात. ‘दहा’ आणि ‘१०’, इंग्रजी औषधनाव रोमन अक्षरांत की देवनागरीत, अनुस्वार की पंचमवर्ण, अशा निरुपद्रवी फरकांनी गुण खाली जातात. उलट ‘नाही’ गळल्याने होणारे नुकसान त्या आकड्यात बुडून जाते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते.

बाहेरच्या अभ्यासांतून काय दिसले?

अमेरिकेतील दोन आरोग्य संस्थांमधील २१७ वैद्यकीय नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरने उतरवलेल्या कच्च्या मजकुरात शंभर शब्दांमागे ७.४ चुका होत्या. प्रशिक्षित लेखनिकांनी तपासल्यावर त्या ०.४ वर आल्या आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३ राहिल्या. शब्द गळणे हा चुकांचा सर्वाधिक आढळलेला प्रकार होता.

या अभ्यासातून घेण्यासारखा धडा असा की चुका कमी करण्याचे मुख्य काम मधल्या माणसाने केले. आपल्या सरकारी ओपीडीच्या रचनेत असा स्वतंत्र तपासनीस नाही. सॉफ्टवेअर आले तर मजकूर थेट डॉक्टरसमोर येईल आणि दाराबाहेरची रांग पाहत तो सही करेल. तेव्हा मोजायचे असेल तर सॉफ्टवेअर, घाई आणि सही या तिन्हींनंतर कागदावर काय उरते, ते मोजले पाहिजे.

दुसरा धडा आवाजांतील भेदाचा. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकले, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. भाषा एकच, इंग्रजी. बोलण्याची ढब वेगळी, एवढाच फरक.

तिसरा धडा अधिक चिंतेचा आहे. ओपनएआयची ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये खुली झाली. २०२४ मधील एका अभ्यासात तिने उतरवलेल्या सुमारे एक टक्का ध्वनिफितींत कुणीही न बोललेली आख्खी वाक्ये आढळली. बोलताना जिथे लांब विराम होते, तिथे हे अधिक घडले. धाप लागलेला, घाबरलेला किंवा शब्द शोधत बोलणारा रुग्ण नेमका असाच थांबत थांबत बोलतो. आणि अशी वाक्ये व्याकरणदृष्ट्या नीटनेटकी असल्याने वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतात.

यवतमाळच्या ओपीडीत वेगळे काय?

पहिली गोष्ट बोलीची. ‘डॉक्टरसाहेब, फवारनी केली तवापासून मयमय होऊन राह्यली, डोयासमोर अंधारी येते, गोयी खाल्ली तरी फरक नाई.’ वऱ्हाडी कानाला यात अवघड काही नाही. प्रमाण मराठीवर तयार झालेल्या सॉफ्टवेअरला मात्र ‘मयमय’ म्हणजे मळमळ, ‘गोयी’ म्हणजे गोळी आणि ‘डोया’ म्हणजे डोळा हे कळेलच असे नाही. ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होणे हा इथला नियम आहे, त्यात बोलणाऱ्याची चूक काही नाही. ‘नाई’ हा नकार आहे की व्यवसाय, हेही यंत्राला संदर्भावरूनच ठरवावे लागेल.

दुसरी गोष्ट भाषांची. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत कोलाम पोड आहेत. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कोलामांची नोंद आहे. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा. पुसद, दिग्रसकडे बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. सीमेलगत तेलुगू कानावर येते. भारतीय भाषांच्या संगणकीय आवाजओळखीसाठी आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ने मोठे काम केले आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या ‘इंडिकव्हॉइसेस’ संचात १४५ जिल्ह्यांतील १६ हजारांहून अधिक लोकांचे सात हजारांहून अधिक तासांचे बोलणे आहे. पण तो संच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांचा. गोंडी, कोलामी, गोरमाटी या अनुसूचीत नाहीत. ज्यांच्यापर्यंत डॉक्टर सर्वांत कमी पोहोचतो, त्यांच्याच भाषा या तयारीतून वगळल्या जातात.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या स्वतःच्या बोलण्याची. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्यामुळे तमिळ, हिंदी वा बंगाली वळणाची मराठी आणि इंग्रजी ऐकू येणे स्वाभाविक आहे. ‘पेशंट स्टेबल आहे, पण सॅच्युरेशन बघत राहा’ हे ना धड मराठी, ना इंग्रजी. रुग्णालयाची खरी भाषा मात्र हीच आहे.

आणि चौथी गोष्ट गोंगाटाची. घरघरणारा पंखा, रडणारे मूल, एकाच वेळी बोलणारे तीन नातेवाईक, नंबर पुकारणारा कर्मचारी. शांत खोलीत, वाचून दाखवलेल्या वाक्यांवर मिळालेले गुण इथे टिकतील, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

एका चुकीची किंमत किती?

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास लोकांचा जीव गेला. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा रुग्णाच्या केसपेपरवर दोन गोष्टी अचूक असाव्या लागतात : कोणते औषध फवारले आणि उपचाराचा डोस किती.

मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा मुख्य उतारा असतो. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटाचे तसे नाही. दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण फवारले असेल तर गुंता आणखी वाढतो. रुग्ण डब्यावरचे व्यापारी नाव सांगतो, तेही आपल्या उच्चारात. सॉफ्टवेअरच्या वैद्यकीय शब्दकोशात हृदयरोगाची औषधे भरपूर असतील. कृषी केंद्रात मिळणाऱ्या कीटकनाशकांची नावे आहेत का, हे कुणी तपासले आहे?

डोसचेही तसेच. आपल्याकडे ॲट्रोपिनचे ०.६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन सर्रास वापरात आहे. ‘पॉइंट सिक्स’मधला ‘पॉइंट’ गळला की कागदावर सहा उमटतो, म्हणजे दहापट. या विषबाधेत प्रतिसाद पाहून डोस वाढवत न्यावे लागतात, त्यामुळे मोठा आकडा वाचणाऱ्याला अशक्यही वाटत नाही. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, मराठीत ‘पंचवीस’ आणि ‘पंचेचाळीस’, शिवाय दीड, अडीच, पाव, सव्वा असे अपूर्णांक. शब्दचूक दराच्या हिशेबात यातली प्रत्येक चूक फक्त ‘एक’ असते.

छोट्या चाचणीवर भागेल का?

महिनाभर वापरून पाहिले, काही अडचण आली नाही, एवढ्यावर निर्णय घेण्याची पद्धत इथे अपुरी पडते. समजा, ३०० केसपेपर बारकाईने तपासले आणि जिवावर बेतणारी एकही चूक सापडली नाही. तरी संख्याशास्त्राचा साधा ठोकताळा सांगतो की अशा चुकीचे खरे प्रमाण ३ भागिले ३००, म्हणजे एक टक्क्यापर्यंत असू शकते. दिवसाला ५०० केसपेपर निघत असतील तर एक टक्का म्हणजे रोज पाच. दुर्मीळ पण गंभीर चुका पकडायच्या तर हजारो नोंदी तपासाव्या लागतात किंवा ॲलर्जी, डोस, डावी-उजवी बाजू, नकार अशा धोक्याच्या जागा मुद्दाम घालून परीक्षा घ्यावी लागते.

सरासरीही दिशाभूल करते. १०० सारख्याच लांबीच्या नोंदींपैकी ९० प्रमाण मराठी-इंग्रजीतल्या आणि त्यांत दोन टक्के चुका. उरलेल्या १० दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या कोलाम रुग्णांच्या आणि त्यांत ४० टक्के चुका, असे धरले तर एकत्रित चूक भरते ५.८ टक्के. जाहिरातीत लिहिता येईल ‘९४ टक्के अचूक’. पोडावरून आलेल्या माणसाचा जवळजवळ निम्मा केसपेपर चुकलेला आहे, हे त्या आकड्यात कुठेही दिसणार नाही.

शिवाय ‘बरोबर उत्तर’ कुणी ठरवायचे, हाही प्रश्न आहे. ध्वनिफीत ऐकून मूळ मजकूर लिहिणारा माणूस पुण्याचा असेल आणि त्याला ‘मयमय’ कळले नाही, तर तोच चूक लिहील आणि सॉफ्टवेअरला पूर्ण गुण मिळतील. तपासनीस या मातीतले हवेत आणि किमान दोघांनी स्वतंत्रपणे ऐकलेले हवे.

रुग्णाच्या आवाजाचे काय?

खरी परीक्षा घ्यायची तर खरे आवाज लागतात. पण ओपीडीतले बोलणे म्हणजे गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही, विषप्राशन, घरातली मारहाण. शेतकरी आत्महत्यांचा शिक्का बसलेल्या जिल्ह्यात ‘औषध घेतले’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाला कळतो. हे आवाज कुणाच्या सर्व्हरवर जाणार, तिथे किती काळ राहणार, पुढच्या उत्पादनासाठी वापरले जाणार का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीची अट घालतो. रांगेत तीन तास उभ्या राहिलेल्या माणसाने न वाचता दिलेला अंगठा ही संमती मानायची का, याचे उत्तर कायद्याच्या कलमापेक्षा रुग्णालयाच्या नीतीत शोधावे लागेल. परिचारिका आणि आशा सेविकांकडून तेच प्रसंग बोलून घेऊन सुरुवातीचा चाचणी संच तयार करता येतो. खऱ्या रुग्णांचे आवाज घ्यायचेच असतील तर त्यांच्या भाषेत समजावून आणि ते रुग्णालयाबाहेर न जाऊ देता.

मग करायचे काय?

तंत्रज्ञान दाराबाहेर थांबवणे हा उपाय नाही. कंपनीच्या पत्रकावरून ते खरेदी करणेही नाही. परीक्षा इथल्या मातीत घ्यायला हवी आणि त्यासाठी लागणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका, कोलामी-गोंडी-गोरमाटी बोलणारे आरोग्य कर्मचारी आणि संख्याशास्त्र जाणणारे प्राध्यापक एकत्र बसले तर जिल्ह्याचा स्वतःचा चाचणी संच उभा राहू शकतो. त्यात सोळाही तालुक्यांचे आवाज, पंख्याखालची ध्वनिमुद्रणे, कीटकनाशकांची आणि सापांची स्थानिक नावे असावीत. चुकांचे निरुपद्रवी, गैरसोयीच्या आणि घातक असे तीन गट करून प्रत्येकाचे प्रमाण वेगळे जाहीर करावे. भाषागटनिहाय निकाल वेगळा द्यावा. बोलण्यात वाचलेला वेळ सांगताना दुरुस्तीत गेलेला वेळ वजा करावा.

निविदेत आणखी दोन अटी हव्यात. सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती पुन्हा याच परीक्षेतून जावी. कारण एका रात्रीत बदललेल्या प्रणालीला जुने गुण लागू होत नाहीत. आणि घातक चूक आढळली तर ती नोंदवण्याची सोय, तिची जबाबदारी हे करारातच ठरावे. आज अंतिम तपासणीचा भार साधारणतः सही करणाऱ्या डॉक्टरवर टाकला जातो. पहाटे तीन वाजता ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरच्या सहीमागे कंपनीने लपणे न्याय्य नाही.

सुरुवात कुठून करावी, याचाही क्रम आहे. क्ष-किरण विभागाची शांत खोली, एकच बोलणारा आणि ठरावीक इंग्रजी साचा, हे पहिले पाऊल. मग डिस्चार्ज कार्ड. औषधांची चिठ्ठी आणि रुग्णाशी होणारे संभाषण सर्वांत शेवटी. तोपर्यंत आकडे आणि औषधांची नावे बोलून न लिहिता यादीतून निवडण्याची सक्ती ठेवता येईल.

या साऱ्याला वेळ आणि पैसा लागेल, हे खरे. पण परीक्षा न घेतल्याने चुका थांबत नाहीत. त्या रुग्णावर होतात, एवढेच. झरी जामणीच्या पोडावरून आलेल्या बाईने काय सांगितले, हे तिच्या केसपेपरवर नीट उमटले की नाही, हे तिला वाचता येणार नाही. ते तपासण्याचे काम सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याचे आहे आणि ते खरेदीच्या आधी करायचे आहे.